गाडीला तहान लागते तेव्हा

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. आई म्हणाली, "संडासाचं काय लिहितेस, लोक काय म्हणतील!" मग मनिषाकाकीलाच फोन लावला. ती म्हणाली, "लिही गो, माझं नाव घालून लिही." झालं, आता थांबत नाही.

मनिषाकाकी माझी सख्खी काकी. काका मुंबईला कामाला आणि ही एसटीत कंडक्टर, रत्नागिरी ते दापोली. मी दापोलीला कृषी कॉलेजला, त्यामुळे माझी जा-ये तिच्याच गाडीने.

तिच्या पोटात कधी मुरडा येईल सांगता यायचं नाही. आणि आला की लगेच जावंच लागायचं. भरलेली गाडी सोडून कंडक्टर जाणार कुठे? म्हणून ड्युटीवर ती जेवायचीच नाही. नुसता चहा. हातखंब्याला चहा, चिपळूणला चहा, खेडला चहा. पोटात काही नसलं की काही होणार नाही, असं तिला वाटायचं. व्हायचं उलटंच! तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या, तर एक डॉक्टर म्हणाला, मनाचे खेळ आहेत. त्या दिवशी घरी येऊन युनिफॉर्मवरच रडत बसली. "नोकरी सोडतंय मी."

ही नोकरी! जी तिने अख्ख्या सासरशी भांडून मिळवली! मला इतका राग आला की मीच तिला ओढत दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हा खरा आजार आहे, आयबीएस. आतडी दिसायला चांगली, पण चालतात आपल्या मर्जीने. जिवाला धोका नाही आणि ताब्यात ठेवता येतो."

काकी एवढंच बोलली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते."

गोळ्या सुरू झाल्या, दुधाचा चहा बंद, वेळच्या वेळी थोडं जेवायचं. वर बाई म्हणाल्या, "ज्याच्याबरोबर काम करता त्याला सांगा."

हेच कठीण! ड्रायव्हर म्हणजे गुरुप्रसाददादा. पुरुषमाणसाला हे कसं सांगायचं? शेवटी एकदा डेपोत खाली मान घालून सांगितलं. दादा म्हणाला, "एवढंच होय वहिनी? मी मूळव्याध घेऊन गाडी हाकतोय, कोणाला बोललो काय? जायची वेळ आली की चार बेल मारा, मी बघतो."

मग चार बेल झाल्या की दादा ओळखीच्या हॉटेलपाशी गाडी लावायचा. लोक ओरडले की म्हणायचा, "इंजिनात पाणी घालायचंय." सुकी मासळी घेऊन खेडला जाणारी गंगुबाई नेहमी म्हणायची, "मेल्या, हिला लयच तहान लागते रे!"

हळूहळू बेल कमी होत गेल्या. आणि शिमग्यानंतरची ती फेरी! पाय ठेवायला जागा नाही. काकीने चिपळूणला डबा खाल्ला, मऊ भात नि मुगाचं वरण, आणि मी पूर्ण वाट तिच्या हाताकडे बघत होते. खेड आलं. चार बेल नाहीत!

गंगुबाई उतरताना म्हणाली, "काय रे गुरु, आज तहान नाय लागली?" सगळे हसले.

काकी म्हणाली, "गाडी बरीच होती, गंगूकाकी. पोट माझं बिघडायचं. औषध चालू हाय."

मी तर खिडकीबाहेर बघायला लागले. गंगुबाईने टोपली दारातच ठेवली. "कुठली गो ती डॉक्टरीण? आमची सून वेदिका ह्याच भीतीने माहेरला जात नाय." मागून एक काका म्हणाले, "मला पण नाव सांगा."

दादाने हॉर्न मारला. "आधी उतरा, मग दवाखाना उघडा!"

काकीला अजून कधीतरी त्रास होतो. पण नोकरी सोडायचं नाव नाही. आणि गेल्या रविवारी वेदिका आमच्या गाडीत होती, खिडकीशी, माहेरी निघालेली. काकीने तिला सांगून ठेवलेलं, "चार बेल तुझ्यासाठी पण हायत." लागल्या नाहीत.

तुमच्याकडे पण असेल कोणीतरी, लग्नकार्य आलं की "तुम्ही जावा, माझं डोकं दुखतंय" म्हणून घरी राहणारं. फोन नको, मेसेज नको. ह्याच आठवड्यात जाऊन भेटा त्यांना.