बार्बाडोसला गोड शोधताना

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या ऑफिसात मीटिंगला निघाले होते. संदीप, तिचा नवरा, एवढंच म्हणाला, "मेधा, संपलं गं... शांतपणे गेली." मी मीटिंगला गेले. बसले, काहीतरी बोललेही असेन. बाहेर येऊन कॉफीच्या मशीनपाशी उभी राहिले आणि कप न ठेवताच बटण दाबलं. आज या गोष्टीला दीडेक महिना होऊन गेला. अजूनही फोन वाजला की आधी तिचंच नाव डोक्यात येतं...

आमची ओळख इथल्या मराठी मंडळींच्या कोजागरीतली. मी पुण्याची, ती नागपूरच्या अजनीची. बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत ती संशोधक होती. साखर कमी घालूनही पदार्थ गोड कसा लागेल, हा तिचा विषय. त्या रात्री मी मसाला दूध करून नेलं होतं. तिने एक घोट घेतला आणि ओळख ना पाळख, सरळ म्हणाली, "जायफळ जुनं आहे तुमचं. बाकी मस्त." मला असा राग आला! पण घरी येऊन डबी हुंगली तर खरंच, वास उडून गेलेला. पुढच्या रविवारी ती नवं जायफळ घेऊन दारात हजर. तेव्हापासून आम्ही मैत्रिणी. तिची मुलगी इरा मला मावशी म्हणायची आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत द्यायची.

काही वर्षांनी प्रज्ञाच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात रेडिएशन झालं. गाठ गेली, पण जाताना चव घेऊन गेली. तोंड सतत कोरडं, हातात पाण्याची बाटली. वरण म्हणजे गरम पाणी, पोळी म्हणजे पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कदाचित पूर्ण येणारही नाही. प्रयोगशाळेत तिला अहवाल तपासायचं काम दिलं. सगळे फार चांगले वागायचे, आणि तेच तिला सोसायचं नाही. एकदा आमच्या घरी बसलेली असताना म्हणाली, "मरणाची इतकी भीती नव्हती वाटली गं. आता याची वाटते. इरा मोठी होईल, माझ्यासाठी कधीतरी काही करेल, आणि मी खोटंच म्हणेन, छान झालंय."

बार्बाडोसला जायचं, हे तिच्याच डोक्यातलं. तिचे बाबा रेल्वेत होते. वेस्ट इंडिजमधल्या क्रिकेट सामन्यांचं समालोचन ते रेडिओला कान लावून ऐकायचे, त्यामुळे बार्बाडोसच्या ब्रिजटाउनचं नाव तिने बाराखडीच्या आधी ऐकलं होतं. आता म्हणाली, "बाबांचं राहिलं, माझं तरी होऊ दे." इराचं पीएसएलईचं, म्हणजे इथल्या सहावीच्या बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष, संदीपला घर सोडणं शक्य नव्हतं. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "तू जाशील तिच्याबरोबर?" मी लगेच हो म्हटलं.

विमानात तिने जाहीर केलं, "तिथे जेवणाचं कौतुक नाही करायचं. बेटावरचं सगळ्यात चांगलं गोड शोधायचं."

"पण तुला तर..."

"तू आहेस ना. तू खा, मला सांग."

मग सुरू झालं आमचं भटकणं. समुद्राकाठची पांढऱ्या टेबलक्लॉथची रेस्तराँ, बाजारातल्या खानावळी, हॉटेलांचे व्हरांडे. प्रज्ञा आत शिरताच विचारायची, तुमच्याकडे गोड काय? वाढणाऱ्या मुली हसायच्या, आधी मासे तरी खा म्हणायच्या. तिथला रम केक आला, पेरूची वडी आली, नारळ भरलेला एक गोड पाव आला, तो तर आपल्या करंजीचा धष्टपुष्ट भाऊ. ती एक घास जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, मान हलवायची आणि ताटली माझ्याकडे सरकवायची. "सांग."

"छान आहे."

"छान ही चव नाही, मेधा."

मी घाम फुटेपर्यंत शब्द शोधायचे. पहिल्यांदा मऊ, मग दाताखाली रवाळ, मग कुठूनतरी आल्याची चुणचुण... ती मन लावून ऐकायची, मधेच विचारायची, "घशाशी काय उरतं?" आयुष्यात मी इतकं लक्ष देऊन कधी खाल्लं नव्हतं. कसावाचा एक केक होता, तो तिने नुसता बोटांनी दाबून ओळखला. "अगं, हा तर सिंगापूरच्या क्वे वड्यांचा चुलतभाऊ! आणि साबुदाण्याचाही. एकच कंद, बघ कुठे कुठे पोचला." त्या दिवशी ती खूप दिवसांनी संशोधकासारखी बोलली. पण संध्याकाळी ती एकटीच समुद्राकडे बघत बसली. मी पाण्याची बाटली भरून तिच्या शेजारी ठेवली.

परतायच्या आदल्या दिवशी बेटाच्या पूर्वेला गेलो. तिकडे समुद्र खवळलेला, माणसं कमी. टेकडीवर एका बाईंचं छोटंसं रेस्तराँ होतं. त्यांनी ब्रेड पुडिंग आणलं, वर रमचा गरम सॉस. प्रज्ञाने सवयीने कडेचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले... आणि मान हलवली नाही. आणखी एक तुकडा घेतला. मग माझा हात घट्ट धरला.

"करपलंय."

"काय?"

"करपलंय गं, मेधा! खालून करपलंय. कडू लागतंय!"

मी चाखून पाहिलं. खरंच बुडाला लागलं होतं. प्रज्ञाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. बाई धावत आल्या. काय झालं, चुकलं का काही, दुसरं आणते, म्हणून त्यांनी ताटली उचलायला हात घातला, तर प्रज्ञाने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. देईचना! मी जमेल तशी सगळी हकीकत सांगितली. बाई खुर्ची ओढून आमच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, तीस वर्षं पुडिंग करतेय, करपल्याबद्दल देवाचे आभार आज पहिल्यांदा मानते. त्या बेटावरचं सगळ्यात चांगलं गोड कुठलं, या प्रश्नावर मग आमची चर्चा झाली नाही.

चव त्यानंतर सावकाश परतत गेली. आधी कडू, मग आंबट, मग मीठ. गोड सगळ्यात शेवटी आणि अर्धंमुर्धंच. पण ती पुन्हा प्रयोगशाळेतल्या आपल्या टेबलावर बसली. इराने परीक्षेनंतर पहिल्यांदा शिरा केला, तेव्हा तिला स्वच्छ सांगितलं, "साखर जास्त झाली, तूप कमी पडलं." इरा रुसली. संदीप आत जाऊन डोळे पुसून आला. पुढची चारेक वर्षं तिने असं भरभरून, टीका करत खाल्लं. मग आजार फुफ्फुसात उतरला, आणि त्या वेळी डॉक्टर 'येईल हळूहळू' म्हणाले नाहीत...

ती गेल्यावर घरी भन्तेजी येऊन परित्राण पाठ झाला. खूप माणसं आली होती. प्रयोगशाळेतली चिनी मंडळी मागे शांत हात जोडून बसली होती. त्यानंतर पंधरा दिवसांनी संदीप म्हणाला, "रविवार आहे, हॉकर सेंटरला येतेस?" खाण्याच्या स्टॉलांच्या त्या मोठ्या मंडपात गर्दी नेहमीसारखीच. प्रज्ञा असताना जागा धरायचं काम तिचं. इथल्या रिवाजाप्रमाणे ती टेबलावर टिश्यूची पाकिटं टाकायची, एकेका खुर्चीसमोर एकेक, पत्ते वाटावेत तशी, आणि मगच रांगेत लागायची. त्या दिवशी इराने पाकिटं टाकली. चार. टाकून झाल्यावर तिघांच्याही लक्षात आलं. आम्ही खायला बसलो. चौथं पाकीट तसंच राहिलं.

थोड्या वेळाने हातात ट्रे घेतलेले एक म्हातारे चिनी गृहस्थ टेबलापाशी घुटमळले. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "एनीबडी सिटिंग?" संदीप चमचा खाली ठेवून त्या पाकिटाकडेच बघत राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

इराने पाकीट उचलून आपल्या खिशात ठेवलं आणि खुर्ची बाहेर ओढली.

"नो लाह, अंकल," ती अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाली, "यू सिट."