वजनगट

भाकरीचे बारीक तुकडे करून माझी मुलगी रेवा ते ताटात नुसते इकडून तिकडे सरकवत बसते. समोर बसून ते बघताना मला जीव नकोसा होतो.

शाळेच्या कबड्डी संघात तिची निवड झाली, तेव्हा वजनगटात बसायला दोन किलो कमी करायचे होते. तिने रात्रीचं जेवण सोडलं. सरांनी सगळ्या मुलींसमोर तिचं कौतुक केलं. आत्या म्हणाली, "चेहरा किती रेखीव दिसायला लागलाय." मीही ऑफिसात अभिमानाने सांगत सुटलो.

स्पर्धा संपून सहा महिने झाले, तरी वजन उतरतंच आहे. आता जिना चढताना तिला धाप लागते. काल डॉक्टरांनी विचारलं, "हे नेमकं कशामुळे सुरू झालं?" मी चिडलोच. एक कारण कुठून आणू? जो तो चांगलंच तर बोलला होता.

आज न राहवून म्हणालो, "रेवा, दोन घास तरी खा."

मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, माझा मनावर किती ताबा आहे, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत होता ना?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांना आधी हे सांगावं लागेल.