आमेन होईपर्यंत

मी शाळेत चाचणीचे पेपर वर्गवार लावत होते, तेव्हा शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, घरी बलावलं तुमाले. म्हातारी गेली." चौथीपर्यंतचे गठ्ठे बांधून झाले होते, उरलेल्यांवर चिठ्ठी ठेवली आणि निघाले. नालवाडीहून पिपरी मेघेपर्यंत रिक्षात मनातल्या मनात यादी करत होते : चर्चच्या पाळकांना निरोप, शवपेटी, नणंदेला तार, पांढरं लुगडं... घरी पोचले तर यातलं निम्मं झालेलं. तार गेली होती, लुगडं खाटेवर काढून ठेवलं होतं. शेजारच्या शेवंताबाई म्हणाल्या, "मंगळवारी सांगतलं होतं ना त्यांनी, सात वाजता. लुगडं काढाचं काम माह्याकडं होतं." माझ्या सासूबाईंनी, मार्थाबाईंनी, स्वतःच्या मरणाची कामंही देवाला सांगता सांगता वाटून दिली होती. त्या दिवशी मला पहिलं आलं ते हसू, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

हे कळायला आमच्या घरची सात वाजताची प्रार्थना माहीत हवी. सतरंजी अंथरायची, एक गीत, शास्त्रातला एक उतारा, मग डोळे मिटून पाळीपाळीने एकेकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. लहानापासून सुरुवात, सासूबाई शेवटी. नियम एकच, आमेन होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही. अशी कौटुंबिक प्रार्थना माझ्या नगरकडच्या माहेरीही होती. पण तिथे आम्ही देवाशी बोलायचो. इथे सासूबाई देवामार्फत आमच्याशी बोलायच्या. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी मिटल्या डोळ्यांनी ऐकलं, "हे दयाळू बापा, नवी सून गुणाची हाय. वरणात मीठ किती टाकाव, येवढी बुद्धी तिले दे. मी सांगतलं तर तिले राग येईन." दुसऱ्या दिवशी माझ्या पाळीला मी म्हटलं, "प्रभू, मिठाचा डबा रोज न सांगता जागा बदलतो. जो कोणी तो हलवतो, त्यालाही बुद्धी दे." ह्यांचं हसू खोकल्यातून बाहेर पडलं. आमेन झाल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बोलते पोरगी." तेव्हापासून आमचं जमलं.

माझा कागद मात्र त्यांना कधी पटला नाही. काही राहून जाऊ नये म्हणून मी प्रार्थनेचे विषय लिहून आणायची. "काऊन वं, देव का किराणावाला हाय? यादी वाचून राह्यली त्याच्यापुढं." त्यांची स्वतःची प्रार्थना कुठूनही कुठे जायची. परराष्ट्रातल्या लढाया थांबाव्यात असं मागता मागता त्याच सुरात त्या म्हणायच्या, "आणि प्रभू, दूध उतू जाऊन राह्यलं, कोनी तरी उठा." शेवंताबाई त्या वेळी आमच्या ओट्यावर तूर निवडत बसायच्या. त्यांचं घर माळकरी, पण सातची वेळ त्या चुकवायच्या नाहीत. कधी आपलाही निरोप द्यायच्या, "माह्या सुनेचं नाव घेजा आज. दोन दिवस झाले, बोलत नाई माह्याशी." सासूबाई घ्यायच्या, आणि सून शेजारच्या भिंतीआडून ऐकायची.

आणीबाणी उठली त्या वर्षी मला प्राथमिक शिक्षिकेची ऑर्डर आली, तळेगाव श्यामजी पंतला. रोज जाऊन-येऊन जमणारं नव्हतं. तिथे खोली घेऊन राहायचं, शनिवारी सकाळची शाळा आटपली की एस.टी. धरून घरी. ह्यांचं कापसाच्या जिनिंगमधलं काम हंगामापुरतं, म्हणजे ऑर्डर नाकारण्यासारखी नव्हतीच. पण सुषमा दोन वर्षांची होती. मी कागदावर रेघ मारून दोन्ही बाजू लिहिल्या. जाण्याची अकरा कारणं झाली. न जाण्याचं एकच, सुषमा, आणि तेच जड भरत होतं. तिला सांभाळणार त्या सासूबाईच. तोंडावर विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून सात वाजता म्हटलं, "प्रभू, सुषमाला सांभाळायला कोणी असेल तर मी जाईन. नसेल तर ऑर्डर परत करीन, आणि कुरकुर करणार नाही."

सासूबाईंची पाळी आली. त्यांनी कापसासाठी मागितलं, पाळकांच्या गुडघ्यासाठी मागितलं. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर नुसतं आमेन म्हणून उठल्या. ओट्यावरून शेवंताबाई म्हणाल्या, "आज काई मजा नाई आली." मी ट्रंकेतले कपडे परत कपाटात लावले. चौथ्या संध्याकाळी सासूबाई हळू आवाजात बोलल्या, "बापा, हे जाऊन राह्यली. जाऊ दे. पोरगी मी सांभाळीन. पन तू जागा राह्यजो. माह्या एकटीच्या भरवशावर नको सोडू. मागच्या वेळी तू कुठं होता, ते मी इचारत नाई..."

मला त्यातलं शेवटचं कळलं नाही. ह्यांनी नंतर सांगितलं. सासूबाई तरुणपणी दवाखान्यात आया होत्या. त्यांचा पहिला मुलगा शेजारणीपाशी ठेवून त्या कामावर गेल्या होत्या, तापात तो गेला, आणि सासूबाई घरी पोचल्या ते थेट संध्याकाळी. पुढे बऱ्याच वर्षांनी, आम्ही दोघी वड्या घालत असताना, मी धीर करून त्या तीन दिवसांबद्दल विचारलं. "भांडत होती त्याच्यासंगं," त्या म्हणाल्या. "तुमच्या समोर कशी भांडू? म्हनून गप." मी विचारलं, मग चौथ्या दिवशी काय झालं? "काई नाई झालं. त्यानं उत्तर देल्लं नाई. पन भांडाले तरी तोच हाय ना." तोवर मला वाटत होतं की ज्याला भीती नाही त्याची श्रद्धा मोठी. त्यांना भीती होती, राग होता, आणि त्या सगळ्या तक्रारीसकट त्या रोज सातला सतरंजीवर येऊन बसत होत्या.

तळेगावात मी सहा वर्षं काढली. दर शनिवारी बसमध्ये एकच धाक असायचा, सुषमा आजीचीच होऊन बसेल. ती झालीच. माझ्याशी ती पुस्तकातलं बोलायची आणि आजीशी भांडायची अस्सल वऱ्हाडीत. नालवाडीला बदली होऊन मी परत आले तेव्हा त्या दोघींच्या भांडणात मला जागाच नव्हती. मी मुकाट्याने भाज्या निवडायची आणि ऐकून घ्यायची.

दफन झाल्यावर आठवडाभर घरात पाहुणे होते, कामं होती, आणि मी ती एकेक करून उरकत होते. पाहुणे गेले त्या दिवशी सातला आम्ही तिघंच सतरंजीवर बसलो. आता सगळ्यांत शेवटची पाळी माझी होती. सुषमा तेव्हा बारा वर्षांची होती. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "बापा, माह्या आईनं आठ दिवसांत धड जेवन केलं नाई. रडली पन नाई. नुसती कामं करून राह्यली. तिले आज रडू दे, मंग जेवू दे." ह्यांनी काय मागितलं ते मला ऐकूच आलं नाही. माझी पाळी आली आणि मला रडू फुटलं. कुणी डोळे उघडले नाहीत, कुणी घाई केली नाही. ओट्यावर शेवंताबाईंचं सूपसुद्धा थांबलं होतं. मी पोटभर रडून घेतलं, आमेन म्हटलं, आणि उठून स्वतःचं ताट वाढून घेतलं.