अँटेनाचं टोक आमच्याकडे

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. आम्ही दोघं नवराबायको तळवड्याहून निघून चाकणच्या पुढे एका पडीक रानात जातो. रानाचे मालक साठीचे एक मामा आहेत. त्यांच्या परवानगीनं तिथे मी रिमोटचं विमान उडवतो. विमानाच्या नाकावर छोटा कॅमेरा आहे. मी डोळ्यांवर गॉगल चढवला की त्यातल्या पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र दिसतं, अगदी विमानात बसल्यासारखं. पण तेव्हा खुद्द विमान मला दिसत नाही. त्यावर नजर ठेवायची आणि तिपाईवरचा चपटा अँटेना त्याच्या दिशेनं फिरवत राहायचं, हे काम बायकोचं.

सुरुवातीला विमान आडवं गेलं की चित्र स्वच्छ यायचं, पण आमच्यापासून सरळ लांब निघालं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी दर वेळी तिलाच म्हणायचो, नीट धर. ती म्हणायची, बरोबर धरलाय. मग एका गुरुवारी मी तिपाईसाठी मोठा अँटेना आणला, तरी तेच. त्या दिवशी मी जरा जोरातच बोललो.

ती उठली. विमान मांडीवर घेऊन बांधावर बसली. ती एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. पार्ट हातात घेऊन उलटसुलट बघायची तिला सवय. विमानातून चित्र पाठवणाऱ्या अँटेनाच्या काडीवर बोट ठेवून तिनं विचारलं, यातून सिग्नल कुठल्या बाजूनं निघतो? मी सांगितलं, काडीच्या चहूबाजूंनी पसरतो, टोकाच्या दिशेनं मात्र जवळजवळ काहीच जात नाही.

"अहो, मग लांब जाताना हे टोक आपल्याकडेच असतं की."

उतरताना मोडू नये म्हणून मीच ती काडी शेपटीच्या दिशेनं आडवी चिकटवली होती.

मामा बाजूला बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मंग उभी करा की तिला."

आम्ही काडी विमानाच्या पाठीवर उभी बसवली. तिपाईवरचा अँटेनाही उभ्या काडीशी जुळेल असा जागच्या जागी पाव फेरा फिरवून घेतला. विमान पार पलीकडच्या बांधापर्यंत गेलं, आणि तिथली बाभळ मला फांद्यांसकट दिसली. गॉगल काढून मी बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, "बरं, आता मामांना दाखवा."

मामांनी खाली बसूनच गॉगल लावला आणि एका हातानं गवत घट्ट धरलं. विमान विहिरीवर आलं तसे म्हणाले, "माझी हीर केवढीशी दिसतीया." मग मला विमान पुन्हा एकदा तिच्यावरून न्यायला लावलं.

शेवटच्या बॅटरीवर विमान बायकोनं उडवलं. मी तिपाईपाशी अँटेना फिरवत उभा होतो. वर बघून बघून माझी मान आखडली. मध्येच चित्र गेलं, पण ती चिडली नाही. "अजून डावीकडे," एवढंच म्हणाली.