अरुणरावांच्या विमानातला चोक

सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला मी एकदा विमानासकट खाली पाडत होतो. तेही मदत करण्याच्या हेतूने.

अरुणराव नागपूरचे. कपाशीवर विमानातून औषध फवारणाऱ्या एका कंपनीत ते वैमानिक होते. सत्तरच्या दशकातला तो श्रावण. कंपनीने मंगरूळपीरजवळच्या पडीत रानात धावपट्टी केली होती आणि त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी बहीण कुसुम, राखीसाठी इंझोरीला माहेरी आली होती. शेतं वरून पाहून ठेवायला कंपनीचं दोन माणसांचं एक लहानसं विमान होतं. अरुणराव म्हणाले, दादा, उद्या चला. मला मुळीच जायचं नव्हतं. पण जावयाने बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं, असं बाबांनी बजावलं. (बाबांना कुणी बोलावलं नव्हतं!)

तेव्हा इंझोरीत मोटारसायकल एकट्या माझ्याकडे होती आणि तेवढ्या बळावर मी जगातल्या सगळ्या इंजिनांचा जाणकार झालो होतो. लोकांची विहिरीवरची इंजिनं मी उघडून देत असे. जोडायला कारंज्याहून मिस्त्री येई.

विमानाने जमीन सोडली. ढग खाली उतरलेले, हवा दमट. इंझोरीवर आलो तसं अरुणरावांनी इंजिन कमी करून विमान खाली घेतलं, आमच्या शेतात उभी असलेली कुसुम मला दिसावी म्हणून. कुसुम दिसली. ती हात हलवत होती. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बसायला लागला.

"कार्बोरेटरमधी बर्फ जमला," अरुणराव शांतपणे म्हणाले आणि त्यांनी समोरचा एक दांडा बाहेर ओढला.

बर्फ! इंझोरीवर! आमच्याकडे लग्नात सरबताला बर्फ हवा तर तो अकोल्याहून भुशात गुंडाळून आणावा लागे आणि गावात पोचेपर्यंत निम्मा वितळलेला असे. मेहुण्याला भीतीने भ्रम झाला, अशी माझी खात्री पटली. त्यात दांडा ओढल्याबरोबर इंजिन जास्तच गचके खाऊ लागलं. मला लगेच कळलं, हा चोक! तापलेल्या इंजिनाला चोक दिला की गाडी गुदमरते, हे मोटारसायकलवाल्याला शिकवावं लागत नाही. मी दांडा आत ढकलला. गचके थांबले. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं, आणि उरलासुरला आवाजही जायला लागला.

त्यांनी दांडा ओढला. मी ढकलला. त्यांनी पुन्हा ओढला. जमीन वर येत होती. तिसऱ्यांदा माझा हात पुढे गेला तेव्हा त्यावर सणसणीत चापट बसली. आमच्या घराण्यात जावयाने साळ्यावर हात उचलल्याची ही पहिलीच वेळ.

"दादा, हात मांडीखाली घाला," ते म्हणाले. "बर्फ वितळून राह्यला, म्हनून इंजिन खोकलते. आता दांडा आत गेला तं मरू आपन."

मी हात मांडीखाली घातले. मनगटावर कुसुमने दोन दिवसांपूर्वी बांधलेली राखी टोचत होती. खाली कपाशीची पिवळी फुलं एकेक वेगळी दिसू लागली. मी फार भ्यालो. आधी स्वतःसाठीच भ्यालो, खोटं कशाला बोलू? पण कुसुमचा हात हलायचा थांबला होता, आणि तिचं कुंकू मी दोनदा आत ढकललं होतं.

मग इंजिनाने एक मोठा ठसका दिला, घसा मोकळा केला आणि ते गरजलं.

परतताना अरुणरावांनी समजावलं. पेट्रोलची वाफ होताना माठासारखा गारवा होतो, दमट हवेतलं पाणी त्यात गोठतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. तो दांडा गरम हवा आत सोडतो. मी सगळं ऐकलं. हात मांडीखालीच होते.

संध्याकाळी घरी पोचलो तर कुसुम दारातच उभी. मला काही विचारलंच नाही. नवऱ्याला म्हणाली, "दादानं कशाले हात तं नाई लावला?"

"नाई वो," अरुणराव पाय धुता धुता म्हणाले. "दादा तं डोये मिटून बसले होते."

घरात हशा पिकला. एवढं भित्रं पोरगं आपल्या पोटी आलंच कसं, असं बाबांनी शेजाऱ्यांनाही बोलावून विचारलं. मी मान खाली घालून म्हणालो, "भेव लागलं मले, बाबा."

त्या दिवसापासून गावात मी भित्रा ठरलो तो आजवर. एकदाही वाद घातला नाही. खरं काय ते कुसुमला कळलं असतं, तर एका चापटीवर भागलं नसतं.