सबनीसवहिनींचं उज्जैन

सबनीसवहिनी दर महिन्याला मुलीला, मुक्ताला घेऊन उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला जात. भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांच्या भक्तीचा दबदबा होता. मराठी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कारही केला. अध्यक्ष श्रद्धेवर खूप वेळ बोलले, श्रोत्यांची श्रद्धा उडेपर्यंत. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. आम्हाला तो विनय वाटला.

एरवी त्या विनयशील मुळीच नव्हत्या. कुणी मुलाच्या टक्क्यांची फुशारकी मारली की म्हणत, "टक्के दिसले हो. जेवतो का नीट?"

आमचा निखिल तेव्हा अकरावीत होता. त्याने जेवण टाकलं, दुपारपर्यंत झोपू लागला, हाक मारली की अंगावर येऊ लागला. मी म्हटलं आळस, माझी बायको शुभा म्हणाली मोबाइल, आणि शाळेने जिद्दीवर व्याख्यान ठेवलं. मग त्याने आपली बॅट, घड्याळ, गिटार मित्रांना वाटून टाकली. मुलगा उदार झाला, असं मी वहिनींना कौतुकाने सांगितलं.

त्या तशाच उठून घरी गेल्या आणि लगेच परत आल्या.

"मुक्ताला विचारून सांगतेय, भाऊजी. आम्ही उज्जैनला जात नाही. इंदूरला जातो, मानसोपचारतज्ज्ञाकडे. इथे कुणी बघितलं तर पोरीचं कसं होईल, म्हणून."

मग त्या निखिलच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसल्या. "बेटा, मरून जावंसं वाटतं का तुला?"

शुभाने त्यांचा दंड धरला. भलतंसलतं त्याच्या डोक्यात घालू नका, म्हणाली.

"विचारल्याने डोक्यात जात नाही, शुभा. असलं तर बाहेर येतं."

निखिल भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, "रोज."

इंदूरचा विषय वहिनींनी काढूच दिला नाही. आजच, इथेच भोपाळात जायचं, म्हणाल्या. दवाखान्यात त्या आमच्याबरोबर उघड्या चेहऱ्याने पुढच्या बाकावर बसल्या. ओळखीचे दोघे दिसले, त्यांना त्यांनी आपणहून नमस्कार केला.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर त्याला एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. वहिनी रोज दुपारी येऊन त्याच्या खोलीत भाजी निवडत बसत. तो बोलत नसे. त्याही बोलत नसत. आम्ही दोघं बाहेर कान देऊन.

एकदा मला राहवलं नाही. बरा होईल ना तो, म्हणून विचारलं. अख्ख्या कॉलनीत श्रद्धेबद्दल सत्कार झालेल्या त्या एकट्याच होत्या.

"माहीत नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आज विचारलंत का त्याला?"

मी उठलो. निखिलच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलंच होतं.