लाल ठिपक्याची कात

मोजणीबाईंनी सोळा वर्षं एकाच बेटावरचे सरडे मोजले. सरडे तरी केवढे? करंगळीएवढे, मातकट. नर गळ्याखालची पिवळी पिशवी फुगवून दगडावर जोर काढणार. मादी पाचोळ्यात एका वेळी एकच अंडं घालणार आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. जगात दुसरीकडे कुठेच ही जात नाही. नवरा चिडवायचा, "घरातली पाल हाकलायला मला हाका मारतेस, आणि तिथे यांचे लाड! सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि आमच्या हिची सरड्यापर्यंत."

मोजायची रीत सोपी. सापडेल त्याच्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचं. दुसऱ्या फेरीत ठिपकेवाले थोडे आणि कोरे पुष्कळ दिसले, की बेट सरड्यांनी भरलंय असं समजायचं. आधी ही फेरी आठवड्यानं असे. मग होडी महिन्यातून एकदाच जाऊ लागली, तशी बाईंनी फेरीही महिन्यावर नेली. कुणाला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. आकडा एकदम फुगला आणि बाई खूश झाल्या. त्याच आकड्यावर वनखात्याच्या कचेरीनं बेटावरची झुडपं तोडून धक्का बांधायला परवानगी दिली.

तोडणीच्या आदल्या दिवशी धक्क्याची आखणी करणाऱ्यांच्या होडीतून बाई पुन्हा बेटावर गेल्या. मागच्या फेरीला जेमतेम दहा दिवस झाले होते. एक ठिपकेवाला खडकाला अंग घासत होता. पाठीवरची कात सुटली. त्यानं मान वळवून ती ओढली आणि ठिपक्यासकट गिळून टाकली. समोर उरला कोरा करकरीत सरडा.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. "अगं बाई गं! म्हणजे हे कोरे सगळे माझेच ठिपकेवाले?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. नेलपॉलिशची बाटली पिशवीत टाकून त्या होडीकडे वळल्या.

त्या तडक कचेरीत गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

"बाई, सोळा वर्षांचं नाव आहे तुमचं. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेताय?"

"तो मारून झालाय, साहेब. उद्याची तोडणी थांबवा. माझी चूक मी लिहून देते."

साहेबांनी फोन उचलला, मग हात तसाच ठेवून विचारलं, "ठीक आहे. पण वर काय सांगू? खरे आहेत तरी किती?"

बाईंनी तोंड उघडलं. बेटावरचा दगडन् दगड त्यांना पाठ होता.

"मला माहीत नाही हो," त्या म्हणाल्या.